रश ऐकायला घेताय? आधी क्रेडिट्स वाचा

रश हा रॉक बँड म्हणजे कॅनडातल्या टोरोंटोचे तिघं. बेस, गाणं आणि कीबोर्ड गेडी ली, गिटार ॲलेक्स लाइफसन, ड्रम्स नील पिअर्ट. एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण नवा माणूस १९७६ चा '२११२' ऐकून लगेच १९८५ चा 'पॉवर विंडोज' लावतो आणि विचारतो की हा नक्की तोच बँड आहे ना. म्हणून सांगतो, सगळे अल्बम ओळीने ऐकत बसू नका, क्रेडिट्समध्ये, म्हणजे अल्बमवर छापलेल्या नावांत, प्रोड्युसर (रेकॉर्डिंग करून घेणारा) कोण ते बघून गट पाडा.

त्याआधी पहिला अल्बम, १९७४ चा, तो बाजूला काढा. त्यावर ड्रम्सला पिअर्ट नाहीच, जॉन रट्सी आहे. पिअर्ट त्याच वर्षी जुलैमध्ये आला आणि गाण्यांचे शब्दही जवळपास सगळे त्याच्याकडेच गेले.

आता 'फ्लाय बाय नाइट' (१९७५) ते 'सिग्नल्स' (१९८२), हा सगळा प्रोड्युसर टेरी ब्राउनचा काळ. सुरुवात इथूनच करा, खरंच. यातला 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१) आधी लावा आणि मग मागे जा. ब्राउन गेल्यावर एक अल्बम पीटर हेंडरसनसोबत झाला आणि मग पीटर कॉलिन्स आला, तेव्हा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) एवढे वाढले की लाइफसनची गिटार शोधावी लागते (मला तो काळ आवडतो, पण भांडणं होतात यावरून). पुढे रूपर्ट हाइनचे दोन, मग परत कॉलिन्स, आणि शेवटचे दोन, २००७ आणि २०१२ चे, निक रास्कुलिनेक्झसोबत, ते परत दणदणीत.

मधला २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' मात्र जपून. मूळ मिक्स इतका लाउड आहे की कान दुखतात, २०१३ चं डेव्हिड बॉट्रिलने रीमिक्स केलेलं व्हर्जन घ्या.

मग बाहेरची नावं. गाण्याखाली साधारण संगीत ली आणि लाइफसन, शब्द पिअर्ट असं असतं, त्यात चौथं नाव दिसलं की थांबायचं. 'टॉम सॉयर'च्या शब्दांत गीतकार पाय डुबॉइसचं नाव आहे, हा मॅक्स वेबस्टर या दुसऱ्या कॅनेडियन बँडसाठी लिहायचा. 'लूझिंग इट' मध्ये व्हायोलिन बेन मिंकचं, ते गाणं लाइव्ह वाजायला थेट २०१५ उजाडलं! आणि गेडीचा २००० चा सोलो अल्बम आवडला तर तिथेही लिहायला मिंकच सोबत आहे. 'टाइम स्टँड स्टिल' मधला बाईचा आवाज अमेरिकन गायिका एमी मॅनचा.

कव्हर बघायची सवय असेल तर ह्यू साइम हे नाव १९७५ पासून सारखं भेटेल, पण हा नुसता चित्रवाला नाही हां, '२११२' वरच्या 'टिअर्स' मध्ये मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा जुना कीबोर्ड) त्यानेच वाजवलाय. हेडफोन लावून ऐका.

पिअर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला. २०२५ मध्ये ली आणि लाइफसनने पुढच्या वर्षीची टूर जाहीर केली, ड्रम्सला जर्मनीची अनिका निलेस. तिची स्वतःची गाणी आधी ऐका, लगेच पिअर्टशी तुलना करायला बसू नका.