रोमपेशीची आकृती कशी काढावी

आंतरकर्णातील प्रथिनांची नावे पाठ करण्यापेक्षा कॉक्लियातील (आंतरकर्णाच्या ऐकण्याच्या शंखाकृती भागातील) एका रोमपेशीची, म्हणजे माथ्यावर सूक्ष्म रोम असलेल्या संवेदी पेशीची, मोठी आकृती काढून तीत ती एकेक करून बसवली, तर ध्वनी आणि हालचाल यांची जाणीव कशी होते हे लवकर ध्यानात येते.

आधी पेशीच्या माथ्यावर अ‍ॅक्टिन या प्रथिनाने भरलेले सूक्ष्म रोम तीन ओळींत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे काढावेत. पुष्कळ आकृत्यांत ते सारख्याच उंचीचे दिसतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

आता प्रत्येक आखूड रोमाच्या टोकापासून शेजारच्या उंच रोमाच्या कडेपर्यंत एक बारीक तंतू ओढावा. १९८४ साली वर्णन झालेल्या या तंतूचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ या प्रथिनाचा आणि खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५ या प्रथिनाचा असल्यामुळे त्यासाठी दोन रंग वापरावेत. आयनमार्ग (विद्युतभारित कणांना पेशीत शिरू देणारे दार) मात्र फक्त खालच्या टोकाशी दाखवावा. तेथे टीएमसी१ आणि त्याच्या जोडीला टीएमआयई, एलएचएफपीएल५ व सीआयबी२ ही प्रथिने लिहावीत. रोम उंच बाजूकडे झुकले की तंतू ताणला जातो, मार्ग उघडतो आणि बाहेरच्या द्रवातील पोटॅशियम आत शिरते, कारण कॉक्लियातील हा द्रव सुमारे +८० मिलिव्होल्टवर असतो, तर पेशीचा अंतर्भाग ऋण असतो. उलट बाजूला झुकल्यास मार्ग मिटतो, म्हणून बाण दोन्ही दिशांना काढावेत.

तोल सांभाळणाऱ्या पेशीसाठी हीच आकृती चालते. यूट्रिकल व सॅक्यूल या आंतरकर्णातील तोलाच्या दोन पिशव्यांमध्ये रोमांवर कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचा थर आणि अर्धवर्तुळाकार नलिकांत क्युप्युला ही जेलीसारखी मऊ टोपी दाखवली की पुरे.

कॉक्लियात रोमपेशी दोन प्रकारच्या असतात: चेतातंतूला संदेश देणाऱ्या आंतर आणि ध्वनी वाढवणाऱ्या बाह्य. प्रेस्टिन या प्रथिनासाठी मात्र बाह्य रोमपेशी वेगळी काढावी. २००० साली ओळखले गेलेले हे प्रथिन पेशीच्या बाजूच्या भिंतीत असते आणि विद्युतदाब बदलला की पेशीची लांबी कमी-जास्त करून क्षीण ध्वनी वाढवते.

आकृती समजली की नाही हे पाहण्यासाठी एकेक प्रथिन खोडून परिणाम सांगावा. कॅडहेरिन-२३ गेले की तंतूच तुटतो. त्याच्या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात जन्मजात बहिरेपणासोबत तोलही बिघडतो आणि पुढे दृष्टी मंदावते. पेशीच्या तळाशी असलेले, संदेश पुढे सोडण्यास लागणारे ओटोफर्लिन हे प्रथिन खोडले, तर वरची यंत्रणा शाबूत राहते, पण आंतर रोमपेशीकडून चेतातंतूला संदेश मिळत नाही. त्यामुळे अशा बाळाच्या बाह्य रोमपेशींचा प्रतिध्वनी मोजणारी चाचणी व्यवस्थित येऊ शकते आणि खरा दोष मेंदूकडे जाणारे संकेत टिपणाऱ्या चाचणीतच उघड होतो.