बायोप्सी रिपोर्टमध्ये गाठीच्या आजूबाजूबद्दल काय लिहिलंय ते कसं वाचायचं

रिपोर्ट हातात आला की आपण आधी ग्रेड आणि स्टेज शोधतो, बाकीचं वगळतो. मी पण तेच केलं, आणि वर 'टिल्स 40%' बघून घाबरलो, वाटलं कॅन्सर 40 टक्के पसरला. तसं काही नव्हतं, उलट ती त्यातल्या त्यात बरी बातमी होती. म्हणून हे लिहितोय.

आधी एक समजून घ्या, गाठ म्हणजे नुसता कॅन्सरच्या पेशींचा गोळा नसतो. त्यात फायब्रोब्लास्ट (आधार देणारं जाळं विणणाऱ्या पेशी) असतात, रक्तवाहिन्या असतात, इम्यून पेशी असतात, आणि या सगळ्यांचं आपसात सतत देणंघेणं चालू असतं. पॅन्क्रियासच्या गाठीत तर बऱ्याचदा कॅन्सरच्या पेशी कमी आणि हे बाकीचंच जास्त.

आता शब्द. 'स्ट्रोमा' म्हणजे हाच आजूबाजूचा भाग. 'डेस्मोप्लासिया' लिहिलं असेल तर तिथे कोलॅजन, म्हणजे धाग्यांसारखं चिवट प्रोटीन, खूप साचलंय. फायब्रोब्लास्टचं एक मोठं काम जखम भरून काढायचं, गाठ टीजीएफ-बीटासारखे सिग्नल सोडते आणि ते बिचारे जखम झालीय समजून कोलॅजन घालत बसतात, वर गाठीला वाढीचे सिग्नलही देतात. हॅरॉल्ड ड्वोरॅक या पॅथॉलॉजिस्टने 1986 मध्ये गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटलं ते उगीच नाही. नेहमीच्या स्लाइडवर हे कोलॅजन गुलाबी पट्ट्यांसारखं दिसतं आणि त्यात कॅन्सरच्या पेशींचे जांभळे पुंजके अडकलेले. हाताला गाठ दगडासारखी लागते ती बऱ्याचदा यामुळेच, आणि हे जाळं फार दाट झालं की रक्तवाहिन्या दाबल्या जातात, औषध आत नीट पोचत नाही.

'टिल्स' म्हणजे गाठीत शिरलेले लिम्फोसाइट, म्हणजे इम्यून पेशी, आपल्याच बाजूच्या. ब्रेस्टच्या रिपोर्टमधला तो आकडा म्हणजे स्ट्रोमाचा किती भाग अशा पेशींनी व्यापलाय ते, पसरण्याशी त्याचा संबंध नाही. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर2 तिन्ही निगेटिव्ह) ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तो जास्त असणं साधारणपणे चांगलं धरतात, पण सगळ्या कॅन्सरला हाच नियम लावू नका.

पीडी-एल1 हे पेशीवरचं एक प्रोटीन, त्याची गंमत वेगळीच. टी-सेल (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा नावाचा सिग्नल सोडतात, आणि ते लागलं की गाठीच्या पेशी पीडी-एल1 वाढवून त्यांनाच ब्रेक लावतात, म्हणजे हल्ल्यातूनच ढाल तयार. असे ब्रेक काढणारी औषधं आली ती ज्या संशोधनातून, त्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. रिपोर्टमध्ये पीडी-एल1 चा आकडा टीपीएस आहे की सीपीएस (मोजायच्या दोन पद्धती) ते नक्की बघा! टीपीएसमध्ये पीडी-एल1 असलेल्या फक्त कॅन्सरच्या पेशी मोजतात, सीपीएसमध्ये आजूबाजूचे लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (दुसऱ्या इम्यून पेशी) पण धरतात. त्यामुळे एकाचा टीपीएस आणि दुसऱ्याचा सीपीएस लावून तुलना करण्यात अर्थ नाही, पेशंटच्या ग्रुपवर लोक सर्रास करतात.

'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' म्हणजे छोट्या रक्त किंवा लिम्फच्या वाहिन्यांत पेशी दिसल्या, 'पेरिन्यूरल' म्हणजे नर्व्हच्या (मज्जातंतूच्या) कडेने. दोन्ही असलं म्हणजे दुसरीकडे पसरलाच असं नाही, पण पुढची ट्रीटमेंट ठरवताना बघतात.

हाडाचा मामला असेल तर अजून एक. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी हाडात पोचल्या की तिथल्या ऑस्टिओक्लास्टना, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशींना, चेतवतात, हाड झिजतं, त्यात साठलेलं टीजीएफ-बीटा बाहेर येतं आणि ते परत कॅन्सरलाच खायला मिळतं. कॅन्सरचं बी ठराविक मातीतच रुजतं असं स्टीफन पॅजेट या सर्जनने 1889 मध्येच लिहून ठेवलं होतं. डेनोसुमॅब किंवा झोलेड्रोनिक ॲसिड ही औषधं देतात ते हाडाची ही झीज रोखायला.

डॉक्टरकडे जाताना हे शब्द पेनने अंडरलाइन करून न्या आणि प्रत्येकाला एकच विचारा, याने ट्रीटमेंट बदलते का? आणि रिपोर्टचा कागद आहे म्हणून निवांत राहू नका, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड कुठे आहेत ते विचारून ठेवा, पीडी-एल1 नंतर करायचं ठरलं किंवा सेकंड ओपिनियन घ्यायचं झालं तर तेच लागतात.