टेक्सासात हरणांची जमीन राखताय? या चुका टाळा

ऑस्टिन, सॅन अँटोनियोकडची मराठी मंडळी हल्ली हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासातल्या डोंगराळ भागात, पन्नास-साठ एकर घेतात. गुंठ्यांत हिशेब करायची सवय असली की पन्नास एकर म्हणजे जहागिरीच वाटते. पण व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नराचा वावर कित्येकशे एकरांचा असतो आणि गुरांचं कुंपण तो सहज उडी मारून ओलांडतो. शिवाय इथल्या कायद्याने जमीन तुमची असली तरी हरणं जनतेची. तुमच्या हातात असतं ते जमिनीवर काय उगवतं आणि किती तोंडं ते खातात, एवढंच. बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

तक्रार पहिली: ‘मका घालतो, तरी हरणं हडकुळी आणि शिंगं बारकी.’

मका घालता म्हणूनच तब्येत सुधारत नाही. मक्यात प्रथिनं साधारण ७ ते १० टक्के आणि शिंगं वाढत असताना नराला लागतात १६ टक्क्यांच्या आसपास. मका हे आमिष आहे, खुराक नव्हे. त्यातही रॅकून आणि रानडुकरं आधी हात मारून जातात. स्वस्तातली पोती घेतलीत तर बुरशीच्या विषाची, म्हणजे अफ्लाटॉक्सिनची भीती, म्हणून लेबल वाचूनच घ्या. व्हाइटटेलचं खरं अन्न झुडपांचा कोवळा पाला आणि रुंद पानांची रानटी रोपं. गवत ते जेमतेम तोंडी लावण्यापुरतं खातं.

म्हणून फीडरकडे, म्हणजे मका टाकणाऱ्या डब्याकडे, पाठ करा आणि झुडपांकडे चला. लाइव्ह ओकच्या (इथल्या सदाहरित ओकच्या) बुंध्याशी फुटलेले कोंब खाली बसून बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेल्या फांदीचं टोक फाटल्यासारखं, धाग्याधाग्यांचं दिसतं. सशाने खाल्लेलं टोक चाकूने तिरकं छाटल्यासारखं असतं. सगळे कोंब फाटके आणि बोटभर उंचीचे असतील, झाडांचा पाला चार-साडेचार फुटांपर्यंत एका रेषेत साफ असेल, तर तुमच्या जमिनीवर खाणारी तोंडं जास्त झालीत. सीडरचा (इथे ॲश जुनिपर या झाडाला सीडर म्हणतात) पालासुद्धा खाल्लेला दिसला तर उपासमार चालू आहे असंच समजा, कारण तो हरणं नाइलाजाने खातात. खात्री करायची असेल तर वेल्ड जाळीचा चार-पाच फूट रुंद गोल पिंजरा करून मोकळ्या जागेवर ठोका आणि वर्षभराने आतलं-बाहेरचं ताडून बघा. एवढ्या स्वस्तात इतकं खरं उत्तर देणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

तक्रार दुसरी: ‘मोठे नर राहतच नाहीत.’

कसे राहतील? लीजवर, म्हणजे शिकारीसाठी जमीन भाड्याने घेऊन येणारा शिकारी नराकडे बघून पैसे मोजतो आणि दीड-अडीच वर्षांचं पोर पाडून जातो. शिंगं भरतात पाच-सहा वर्षांना. मादी मात्र कोणी मारत नाही. आपल्याला तर पाडसाच्या आईवर बंदूक रोखणं जिवावरच येतं. पण चांगल्या वर्षी मादी जुळी देते, पाला तेवढाच राहतो आणि कोरड्या उन्हाळ्यात पाडसंच आधी जातात. १९६० च्या दशकात इथे स्क्रूवर्म माशीचा (जिच्या अळ्या जनावराच्या जखमेतलं जिवंत मांस खातात) बंदोबस्त झाला, तेव्हापासून नैसर्गिक लगामही सैल पडलाय. लीजच्या करारात किती माद्या मारायच्या ती संख्या लिहूनच घ्या, ‘जमलं तर बघू’ यावर सोडू नका. मांस फूड बँकेला देण्याची सोय असते.

‘खराब’ शिंगांचे नर मारून वाण सुधारायच्या भानगडीत तर पडूच नका. तरुण नर जन्मलेली जागा सोडून दूर जातात. पन्नास एकरांत, मोकळ्या कळपाचं, कसलं वाण सुधारणार तुम्ही?

तक्रार तिसरी: ‘चितळ आलंय, राहू दे की!’

ठिपके पाहून जीव हरखतो, मान्य. आपलंच जनावर. १९३२ मध्ये टेक्सासात आणलेलं हे चितळ इथे ॲक्सिस डीअर म्हणून फोफावलंय आणि गोम अशी की पाला संपला की ते गवतावर भागवतं. व्हाइटटेलला ते जमत नाही. हिल कंट्रीतल्या ‘कर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया’ या सरकारी वन्यजीव क्षेत्रात ९६ एकरांच्या बंदिस्त कुरणात सहा व्हाइटटेल आणि सहा सिका (मूळची पूर्व आशियातली) हरणं ठेवली होती. दहा वर्षांच्या आत व्हाइटटेल एकही उरलं नाही. सिकाही चितळासारखंच गवतावर तगणारं. चितळाला इथे शिकारीचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, फक्त परवाना लागतो. हवी ती मुभा आहे, वापरा. ॲगच्या, म्हणजे शेतजमिनीवरच्या करसवलतीसाठी शेळ्या पाळल्या असतील तर त्याही नेमका हरणांचाच पाला खातात हे लक्षात असू द्या.

तक्रार चौथी: ‘सीडर काढला, तर ओक वाळायला लागले.’

बुलडोझर लावून सरसकट सफाई ही इथली आवडती चूक. उतारावरचा सीडर काढलात तर माती वाहते, हरणांचा आडोसा जातो. जुन्या सीडरची साल सोलून गोल्डन-चीक्ड वॉर्बलर घरटं बांधतो. तो संकटग्रस्त पक्षी म्हणून संरक्षित आहे, त्यामुळे मार्च ते ऑगस्ट जुन्या झाडांना हात लावायचा नाही. पट्टे सोडत, तरणी झाडं हाताने कापा. ॲश जुनिपर सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापला की परत फुटत नाही. ओक वाळण्यामागे मात्र बहुधा ओक विल्ट, म्हणजे ताज्या जखमेतून शिरणारा बुरशीचा रोग असतो. फेब्रुवारी ते जून ओक छाटू नका आणि एरवीही जखमेवर लगेच रंग मारा.

कराचं थोडक्यात: नुसता फीडर टांगून वाइल्डलाइफ व्हॅल्युएशन, म्हणजे वन्यजीवांसाठी जमीन राखल्याबद्दलची करसवलत, मिळत नाही. जमीन आधीपासून ॲगखाली हवी आणि ठरवलेल्या सात कामांपैकी किमान तीन करावी लागतात. हरणांची मोजणी हे त्यातलंच एक काम. पण फीडरवरच्या कॅमेऱ्यात तोच नर दहादा येतो, ती मोजणी नव्हे. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या सरकारी खात्याचा जीवशास्त्रज्ञ फुकटात जमीन पाहून आराखडा करून देतो, त्याला आधी बोलवा.

आणि शिकारीनंतरची हाडं-डोकं ओढ्यात किंवा शेजारच्या रानात टाकू नका. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा रोग, टेक्सासात २०१२ मध्ये पहिल्यांदा ह्युको डोंगरातल्या म्यूल डीअर या दुसऱ्या जातीच्या हरणांत सापडला आणि २०१५ मध्ये सॅन अँटोनियोशेजारच्या मेदिना काउंटीत, पाळीव व्हाइटटेलमध्ये. त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एकाच फीडरवर सगळा कळप तोंड घालतो, ते यासाठीही वाईटच. लाळ गाळणारं, खंगलेलं हरीण दिसलं तर हात न लावता खात्याला फोन करा.