भाता सोडलेल्या डाव्या हातासाठी तीन कॉर्ड

कोल्हापुरात पियानो किंवा कीबोर्ड शिकू लागणारा मनुष्य बहुधा पेटीवरून आलेला असतो. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब आणि गोविंदराव टेंबे यांचे हार्मोनियमवादन यांचा वारसा या गावाला आहे. पेठापेठांतील भजनी मंडळांत आजही पेटी वाजते, आणि ती ऐकत वाढलेल्याच्या उजव्या हाताला कोणतीही चाल लवकर सापडते. डाव्या हाताने मात्र आजवर केवळ भाता सांभाळलेला असतो, त्यामुळे कीबोर्डसमोर बसल्यावर तो मांडीवर पडून राहतो. त्या हाताला चालीच्या साथीस कसे आणावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पांढरी एक (पाश्चात्य C) हा सा धरावा. उजवा हात मध्य सप्तकात चाल वाजवील आणि डावा हात त्याच्या लगतच्या मंद्र सप्तकात राहील. कॉर्ड म्हणजे एकाआड एक घेऊन एकत्र दाबलेले तीन स्वर. सुरुवातीला तीनच कॉर्ड पुरतात: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. सप्तकातील प्रत्येक शुद्ध स्वर या तिघांपैकी निदान एकात आहेच, म्हणून शुद्ध स्वरांची साधी चाल या तिघांच्या आधारावर उभी राहू शकते.

हे तीन कॉर्ड प्रत्येक वेळी आपापल्या पहिल्या स्वरापासून वाजवू लागल्यास हात सारखा उड्या मारतो आणि चाल तुटते. त्याऐवजी हात जागेवर ठेवून बोटे सरकवावीत. सा-ग-प करंगळी, मधले बोट आणि अंगठा यांनी धरावा. म-ध-सा हवा असेल तेव्हा करंगळी सा वरच ठेवावी, तर्जनी म वर आणि अंगठा ध वर न्यावा. तोच कॉर्ड आता सा-म-ध या क्रमाने वाजतो. प-नी-रे साठी अंगठा प वर तसाच राहतो, करंगळी सा च्या लगत डावीकडच्या नी वर उतरते आणि मधले बोट रे वर येते. दोन्ही बदलांत एक बोट स्थिर राहते, त्यामुळे पट्ट्यांकडे न पाहताही हात चुकत नाही. हा बदल उजवा हात न वापरता, तोंडाने केरवा या आठ मात्रांच्या तालाचे ‘धा गे ना ति, न क धि न’ हे बोल म्हणत, समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर आणि पाचव्या मात्रेवर कॉर्ड बदलून पुष्कळ वेळा करावा. माझ्या अनुभवात घाई नेमकी येथेच होते, आणि येथे केलेली घाई पुढे फार दिवस त्रास देते.

आता खरा प्रश्न येतो, तो कोणत्या स्वराखाली कोणता कॉर्ड ठेवावा हा. प्रत्येक स्वराखाली कॉर्ड बदलू नये. चाल कोठे थांबते आणि कोणता स्वर ठोक्यावर येतो ते ऐकावे. वाटेत भेटणारे स्वर जाऊ द्यावेत. उदाहरणादाखल मी बांधलेली ही केरव्याची दोन आवर्तने घ्या:

ग ग रे सा । म – ध – । प म ग रे । सा – – –

पहिल्या चार मात्रांत ग आणि सा यांचे राज्य आहे, रे हा केवळ जाण्याचा स्वर आहे, तेव्हा सा-ग-प. दुसऱ्या भागात म आणि ध दोन्ही लांबतात, तेव्हा म-ध-सा याविषयी शंका उरत नाही. तिसऱ्या भागात मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण प हा सा-ग-प मध्येही आहे आणि प-नी-रे मध्येही. येथे भागाचा शेवट रे वर होतो आणि पुढे सा येणार आहे. प-नी-रे मधील नी वरच्या सा कडे ओढ घेतो, म्हणून प-नी-रे घेतल्यास शेवटचा सा घरी परतल्यासारखा वाटतो. तेथे सा-ग-प वाजवून पाहावे, म्हणजे ती ओढ कशी नाहीशी होते हे कानाला कळेल. शेवटच्या सा साठी म-ध-सा सुद्धा चालला असता, परंतु चाल तेथे संपते, म्हणून सा-ग-प.

आपल्याकडच्या अनेक चालींना हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. भूप रागाची चाल घेतली तर तिच्यात म आणि नी नाहीत. तिच्याखाली म-ध-सा किंवा प-नी-रे ठेवला की रागात नसलेला स्वर डाव्या हाताने आत शिरतो आणि भूप भूप राहत नाही. भूपाच्या पाच स्वरांतून अशा रचनेचे दोनच कॉर्ड निघतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. चाल रे वर थांबली तर प आणि रे एवढे दोनच स्वर धरावेत. मधला नी गाळल्याने आधारही मिळतो आणि रागाला धक्काही लागत नाही. रागावर बांधलेल्या अभंगासाठी दोन स्वरांची अशी साथ मला तीन स्वरांच्या भरगच्च कॉर्डपेक्षा नेहमीच अधिक शोभून दिसते.

मंद्र सप्तकाच्याही खाली तीन स्वरांचा कॉर्ड वाजवू नये. इतक्या खालच्या सा आणि ग यांचे उपस्वर एकमेकांशी टकरावून घरघर ऐकू येते. तेथे फक्त सा, किंवा फार तर सा-प, स्वच्छ वाजतो. गाणारा काळी दोनमध्ये गात असेल तर कीबोर्डवरील ट्रान्सपोजचा (सर्व पट्ट्यांचे स्वर एकदम वर-खाली करणाऱ्या सोयीचा) आकडा तीनने वाढवून हीच बोटे चालवावीत. शिकण्याच्या काळात त्यात काहीही वावगे नाही. आपोआप ताल आणि कॉर्ड देणारी सोय मात्र बंद ठेवावी, कारण ती चालू असताना डाव्या हाताला पुढचा कॉर्ड स्वतः निवडून वेळेवर गाठण्याचा सराव मिळत नाही.

दोन्ही हात एकत्र आणताना प्रथम चाल गुणगुणावी आणि डाव्या हाताने केवळ समेवर कॉर्ड द्यावा. ते सहज जमल्यावर गुणगुणणे थांबवून उजवा हात घालावा, आणि त्यानंतरच पाचव्या मात्रेवरचा कॉर्ड जोडावा. चाल दादऱ्यात असेल तर सहा मात्रांपैकी पहिली आणि चौथी धरावी.