तालमीतला पैलवान असा काढा की फोटोत कोल्हापूर दिसलं पाहिजे

पोर्ट्रेट म्हटलं की आपण लगेच ८५ एमएमची लेन्स लावतो, अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) १.८ वर म्हणजे मोठं उघडं नेतो आणि मागचं सगळं धूसर करून टाकतो. लग्नात चालतं हो, पण कोल्हापूरच्या तालमीत असं केलं तर तो पैलवान कुठलाही वाटतो, गंगावेस तालमीतला की मोतीबाग तालमीतला काय कळणार! म्हणून ३५ एमएम लावा, अॅपर्चर ४ ते ५.६ ठेवा आणि तुम्हीच जवळ जा. मागचा मारुती, भिंतीवरची शाहू महाराजांची तसबीर ओळखू आली पाहिजे, एकदम शार्प नसली तरी चालेल.

त्याआधी एक सांगतो, पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू दे. चपला बाहेर काढायच्या, वस्तादांना विचारायचं, कोपऱ्यात बसून जोर-बैठका बघायच्या. पोरं तुम्हाला विसरली की मगच फोटो.

पहाटे आत अंधार असतो, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १६०० किंवा ३२०० करा पण फ्लॅश नको, फ्लॅशनं तालमीचा अंधारच मरतो. थोडं उजाडल्यावर खिडकीतनं कवडसा येतो आणि हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती उडाली की तो नुसता धुरासारखा दिसतो, पैलवानाला त्याच्या कडेला बसवा, अर्धा चेहरा उजेडात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर अजिबात ठेवू नका, कॅमेरा त्या मातीचा लाल रंग पुसायला बघतो, डेलाइटवर लॉक करा. ती काही साधी माती नाही, हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली असते, तिचा रंगच गेला तर काय उरलं?

आणि कॅमेरा खाली घ्या, हौद्याच्या काठाला टेकवा, उभं राहून काढलं की माती नुसती फरशीसारखी सपाट दिसते.

पैलवानाला पोज द्यायला लावू नका म्हणजे नकाच. कुस्ती सुटल्यावर गडी धापा टाकत बसतो, पाठीवर घामानं माती चिकटलेली, खांद्यावर दुसऱ्याच्या बोटांचे ओरखडे, तेव्हा काढा. एक फ्रेम फक्त कानाची घ्या. रगडून रगडून मोडलेला, गाठ झालेला कान आणि त्याच्या घडीत अडकलेली लाल माती, मला तर चेहऱ्यापेक्षा हाच फोटो जास्त आवडतो, मागे भिंतसुद्धा लागत नाही.