गाडी कमी चालली, विम्याचे पैसे परत मिळेनात: माझा अनुभव

‘जेवढं चालवाल तेवढंच भरा’ हे ॲड-ऑन (गाडीच्या मूळ विम्याला जोडून घ्यायची जादा सोय) घेतलं होतं, १०,००० किमीच्या स्लॅबचं. घरूनच काम, वर्षात गाडी फिरली जेमतेम ३,९०० किमी. अटीनुसार परतावा मागितला तर ‘रीडिंग जुळत नाही’ म्हणून अर्ज दोनदा फेटाळला. कस्टमर केअरचे चार फोन वाया गेले, डोकं फिरलं.

घोळ माझ्याच फोटोत होता. डॅशबोर्डवर ट्रिप मीटर (शून्यावर आणून एखाद्या प्रवासाचे किमी मोजणारा) दिसत होता, ओडोमीटर (गाडीचे एकूण किमी दाखवणारा) नव्हे!

मग असं केलं. पॉलिसी संपायच्या आत इग्निशन ऑन करून, बटण दाबून ओडोमीटर आणला आणि फोटो काढला. लगेच नंबर प्लेट आणि चॅसी नंबरचे फोटो. सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड जोडलं, त्यावर किमी आणि तारीख छापलेली असते. खरं वजन याचंच. पॉलिसी सुरू होतानाचं रीडिंग प्रपोजल फॉर्मवरून लिहिलं. हे सगळं एकाच ईमेलने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं आणि विमा नियामक IRDAI च्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकून टोकन नंबर घेतला.

नवव्या दिवशी पैसे खात्यात. फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यातले. थर्ड पार्टीचा हप्ता यात धरत नाहीत.