आयसीयूत पहिला पेशंट घेण्याआधी पाण्याची तयारी

नवं आयसीयू सुरू करताना व्हेंटिलेटर, मॉनिटर, ऑक्सिजनची लाइन सगळे दहा वेळा तपासतात. बेसिनकडे मात्र प्लंबर गेल्यावर कुणी ढुंकूनही बघत नाही. सुडोमोनास, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंच्या, कार्बापेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही दाद न देणाऱ्या जाती याच बेसिनखालच्या पाइपात ठाण मांडतात. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

आधी बेसिनची जागा बघा. टोरांटो जनरल हॉस्पिटलच्या आयसीयूत डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात ३६ रुग्णांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारा सुडोमोनास सापडला. तो येत होता हात धुण्याच्या बेसिनच्या ड्रेनमधून. बेसिनं उथळ होती आणि धार थेट जाळीवर पडायची. अतिनील प्रकाशात चमकणारा रंग वापरून पाहिलं, तर ड्रेनमधले शिंतोडे निदान एक मीटरपर्यंत उडत होते. शेजारीच औषधं आणि साहित्य तयार करण्याची जागा होती. बेसिनची रचना बदलल्यावर साथ थांबली.

आपल्याकडे ही तपासणी बिनखर्चात होते. बेसिनभोवती आणि ओट्यावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, नळ पूर्ण सोडा, नेहमीसारखे हात धुवा आणि ओले ठिपके कुठवर गेले ते टेपने मोजा. त्या टप्प्यात खाट, इंजेक्शनचा ट्रे किंवा ड्रेसिंगची ट्रॉली येत असेल तर ती हलवा. हलवता येत नसेल तर मध्ये आडोसा बसवा. धार जाळीवर पडत असेल तर नळ बदला, ती बेसिनच्या भिंतीवर पडायला हवी. प्रेशर कमी करायला प्लंबरला पाच मिनिटं पुरतात. नळाच्या तोंडाची बारीक जाळी काढूनच टाका, तिच्यात चिकट थर साठतो.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पैशाने नाही, सवयीने होते. बेसिन फक्त हात धुण्यासाठी. उरलेलं सलाइन, रुग्णाचा चहा, फीडिंगचं दूध, सक्शन जार, स्पंजिंगचं पाणी यातलं काहीही तिथे ओतायचं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की बेसिनखालच्या बाकदार पाइपातले ई. कोलाय जंतू पोषण मिळालं तर दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर वर चढतात आणि आठवड्याभरात जाळीपाशी पोचतात. एकदा जाळीशी पोचले, की नळाच्या प्रत्येक धारेबरोबर ते बाहेर उडतात. चहाचा तळ म्हणजे त्यांना घातलेलं जेवणच. तेव्हा वॉर्डच्या घाण पाण्यासाठी वेगळी जागा आधी ठरवा, ती जवळ ठेवा, आणि मावशींना, मामांना, नातेवाइकांना तिथे नेऊन दाखवा. ती जागा लांब असेल तर रात्रपाळीला सगळं बेसिनमध्येच जाणार, मग पाटी कितीही मोठी लावा. ड्रेनमध्ये हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) ओतलं की काम झालं, असंही धरून चालू नका. तो चिकट थर तेवढ्याने निघत नाही, जंतू परत येतात.

गच्चीवरची टाकी धुऊन तारीख लिहा, झाकण घट्ट बसवा. आयसीयूतल्या सगळ्यात लांबच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन मोजायची चाचणी, करा. मोकळं क्लोरीन निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवं. टँकरचं पाणी आलं तर दर वेळी. आरओ लावलं म्हणजे पाणी सुरक्षित झालं, हा समज मी फार ठिकाणी ऐकते. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे पुढच्या टाकीत आणि पाइपात जंतूंना मोकळं रान मिळतं. डायलिसिस असेल तर त्या पाण्याचं कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) दर महिन्याला हवंच, मर्यादा मिलिलिटरला १०० कॉलनींच्या आत. वापरात नसलेल्या खोल्यांचे नळ रोज काही मिनिटं सोडा. टोक बंद केलेले जुने पाइप प्लंबरकडून मुळापासून काढून घ्या.

ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) बाटली आणि नेब्युलायझर यांना नळाचं पाणी अजिबात नको, आरओचंही नको. निर्जंतुक पाणीच वापरा. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच परत भरा. उरलेल्या पाण्यात वरून भर घालू नका. नवजात बाळांच्या कक्षात तर याबाबत तडजोड नको. बेलफास्टच्या रॉयल ज्युबिली मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये जानेवारी २०१२ मध्ये सुडोमोनासने बाळं दगावली, आणि तपासात नळांमध्येच तो जंतू सापडला.

आता मायक्रोबायोलॉजीच्या लॅबशी बोलून ठेवा. एकाच वॉर्डात दोन रुग्णांमध्ये एकच चिवट जंतू आला, तर त्याच दिवशी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला फोन यायला हवा, आणि त्या जंतूचं कल्चर फेकून न देता राखून ठेवायला हवं. मग स्टाफच्या हातांचे स्वॅब घेण्याआधी त्या खोल्यांच्या ड्रेनचे स्वॅब घ्या. त्यासाठी जाळी उघडणारा स्क्रूड्रायव्हर, लांब दांडीचे स्वॅब आणि बेसिनना नंबर घातलेला नकाशा सिस्टरच्या कपाटात आजच ठेवा.